मागायला जाताना काय नेसायचं

"शेती किती आहे?" मॅडमनं विचारलं.

"शेती नाय मॅडम. मजुरी हाय."

"मग हे अद्रक कुठून आलं?"

पिशवी मीच टेबलावर ठेवली होती. दोनेक किलो असंल. माती झाडलेलं, मोठे मोठे गड्डे निवडून घेतलेलं. मी म्हणलं, "वेचलेलं हाय. वावरातलं अद्रक काढून झालं की मागं राह्यलेलं आमी मजूर बाया वेचतो." मॅडम माह्याकडं बघून हसल्या. वाईट हसल्या असं नाय. लेकरू खोटं बोललं की मास्तरीण हसती, तसं हसल्या. मग मला वरून खालपर्यंत बघितलं. माहं पातळ बघितलं. जांभळं, काठाचं, बहिणीच्या लग्नातलं. गावातल्या पोराकडून इस्तरी करून घेतली होती. मग पोरीकडं बघितलं. पिवळा फ्रॉक, डोक्याला पिवळा रुमाल, पायात बूट.

"छान आवरून आलायत हो दोघी," त्या म्हणल्या. आन् बाजूच्या टेबलावरच्या माणसाला सांगितलं, "यांच्या अर्जावर लिहा. शेतकरी कुटुंब. परिस्थिती बरी."

त्यानं लिहिलं.

मी तिथंच उभी. खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कोणी म्हणलं नव्हतं. पोरगी मात्र फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून. तिला उभंच राहवत नव्हतं. नऊ वर्षांची माही प्रज्ञा. रक्ताचा कॅन्सर. कागद होता ना त्यांच्यापाशी. डॉक्टरचा सही-शिक्क्याचा कागद त्या अर्जाला टाचणीनं लावलेला होता. तो कोणी उलटून बघितला नाय. अद्रक तेवढं बघितलं.

संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात एका संस्थेचं ऑफिस होतं ते, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. गरीब पेशंटला जाण्या-येण्याचे पैसे देतेत असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेलो होतो. जिना उतरताना पोरगी म्हणली, "आई, भेटले का पैशे?"

"भेटतील," मी म्हणलं.

अद्रकाची पिशवी वरच राह्यली. परत कशी मागणार? दिलेलं परत मागायचं नसतं. त्यांनी पण घेऊन जा म्हणलं नाय.

आता तुमी म्हणसान, सरकारी दवाखान्यात इलाज फुकट होतो, मग पैशे कशाला? सगळे हेच म्हणतेत. अरे बाबा, इलाज फुकट हाय, पण दवाखाना संभाजीनगरला हाय आन् मी कन्नडच्या पल्याड घाटाच्या अलीकडं राहते. दर पंधरा दिवसाला सुई. गावातून कन्नडपर्यंत जीप, तिथून यसटी. यसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, बरं झालं. पण तवापासून यसटी अशी गच्च भरती की पाय ठेवायला जागा नाय. आन् डॉक्टरीण बाईनं तर हात जोडून सांगितलं होतं. "ताई, सुई दिली की हिच्या अंगातली ताकद पार उतरते. गर्दीत नेऊ नका. शेजारचा नुसता खोकला तरी हिला धरेल." म्हणजे गाडी करावी लागती. पहिल्या दोन महिन्यांत केली. प्रज्ञाचे पप्पा कन्नडला आडतीवर हमाली करतेत. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली, भावानं दिले, मग सगळं आटलं. पुढची तारीख डोळ्यापुढं दिसत होती आन् हातात काय नव्हतं.

एवढंच मागायला गेले होते मी. पोरगी दवाखान्यापर्यंत न आजारता पोचावी. दुसरं काय नाय.

नटून कामून गेले, ते सांगते.

माही आजी निजामाचं राज गेलं तवा लहान पोरगी होती. पोलीस ॲक्शन झाली, मिलट्री आली, लोकं म्हणले आता आपलं राज आलं. आजी म्हणायची, "आपलं आलं असंल बाई, पण माह्या आईला पाणी वरूनच वाढायचे." आमच्या बाया नवं लुगडं आलं की ते मळवून, मुद्दाम फाडून नेसायच्या. धड नेसलं की पाटलाच्या घरच्या बाया म्हणायच्या, लई चरबी चढली का गं? मग पुढं तालुक्याला सभा व्हायला लागल्या. आजी पायी पायी जायाची. तिथून येताना तिनं मनाशी गाठ बांधली. धुतलेलं नेसायचं. एकच असंल तर तेच धुवायचं, पण धुतलेलं नेसायचं. आन् कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाय. काय नसलं तर चार काकड्या न्यायच्या. ती म्हणायची, "हातात काय असलं की ते मागणं होतं. काय नसलं की भीक होती."

आमच्या वस्तीत आजून हेच हाय. विहारात जायचं असो, तालुक्याला जायचं असो, नायतर कोणापुढं पदर पसरायचा असो, आमी चांगलं नेसून जातो. कचेरीत जाणारा माणूस सकाळी उठून दाढी करतो. यात काय लपवाछपवी नाय. आमच्या आज्यांनी कमावलेलं हाय ते. आता त्याच धुतलेल्या पातळानं माहा अर्ज बुडाला, काय बोलावं?

पुढच्या तारखेला वस्तीतून उसने घेऊन गाडी केली, आन् वॉर्डाच्या भायेर व्हरांड्यात बसले होते. शेजारी रुखसाना आपा. त्या कन्नडच्याच. नवरा टेलर. सासूला घशाचा कॅन्सर, म्हणून त्यांच्याबी चकरा चालू. दवाखान्यातली ओळख, पण सख्खी वाटावी अशी. त्यांना सगळं सांगितलं तर कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाई, तू मांगने कू गई थी के शादी कू? उप्पर से अद्रक भी लेके गई! या अल्ला!"

मला बी हसू आलं. लई दिवसांनी.

मग आपा हळू बोलल्या. "सुन मेरी बात. मैं फटा हुआ बुरखा पैन के गई, तब जाके उनो हाँ बोले. तू बी पुराना पैन के जा. चप्पल नक्को. बच्ची कू बूट नक्को. उनकू गरीब दिखना होना. समझी क्या?"

समजलं. त्यांनी मायेनंच सांगितलं. त्यांच्याबद्दल माह्या मनात आजूनबी काय नाय.

आठवड्यानं परत निघालो. मी अद्रक काढायच्या कामाचं लुगडं काढलं. त्याला मातीचे डाग, गुडघ्यावर फाटलेलं. प्रज्ञाचा एक जुना फ्रॉक होता, त्याचं मी घरात पोतेरं केलं होतं. चुलीपुढचं पुसायला. तो उचलला. झटकला. धुतला नाय. धुवावा असं मनात आलं, हात बी बादलीकडं गेला, पण म्हणलं धुतला तर मग काय उपयोग.

पोरगी बघत होती. "आई, हा तर पोतेरं हाय ना?"

"घाल."

"वास येतो."

"घाल म्हणलं ना!"

घातला तिनं. नऊ वर्षांचं आजारी लेकरू, त्याच्या अंगात मी माह्या हातानं पोतेरं घातलं. कानातलं काढलं. बूट काढले. रुमाल काढायला लागले तर तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. "हा नाय," म्हणली. केस गेल्यापासून ती रुमालाबिगर घरात पण बसत नव्हती. आरशापुढं जात नव्हती. मग रुमाल राहू दिला.

वाटंत कोणी ओळखीचं भेटू नाय म्हणून मी खाली मान घालून चालले. माह्या आजीला पाटलाच्या बायका मळवून नेसायला लावायच्या. मला कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. मीच नेसले.

मॅडमनी बघितलं. या वेळी हसल्या नाय. चेहरा मऊ झाला त्यांचा. म्हणल्या, "बघा, आता कसं. पहिल्यांदाच खरं का नाही सांगितलंत?"

मी पोरीला जवळ घेतलं.

"बसा ना."

खुर्ची भेटली. पाणी भेटलं. पोरीला बिस्कीट भेटलं. टेबलावरच्या माणसानं जुन्या अर्जावर रेघ मारली आन् नवा लिहिला. शेती नाही. अत्यंत गरजू. मॅडम म्हणल्या, "रविवारी कार्यक्रम आहे, तिथे पाकीट मिळेल. मुलीला घेऊन या." मी उठले तर मागून म्हणल्या, "आणि हो, असेच या."

असेच या.

मी व्हय म्हणले. खोटं कशाला बोलू, मी व्हय म्हणले. मंगळवारची तारीख होती. गाडीवाल्याला मी सांगून पण टाकलं होतं.

रविवारी गेलो. तिथंच जवळ एक हॉल होता. खुर्च्या, स्टेज, स्टेजवर गुच्छ, शाली, पाण्याच्या बाटल्या. देणगी देणारे लोकं पुढच्या रांगेत. आमी पेशंटवाले एका बाजूला. नावं पुकारत होते. एकेक जण चढायचा, पाकीट धरायचा, फोटू, खाली. आपा गेल्या, सासूला धरून. फोटू झाला. सासूच्या गळ्यावरची पट्टी दिसावी म्हणून कोणीतरी पदर बाजूला केला. म्हातारी काय बोलली नाय. तिला बोलताच येत नव्हतं.

मग आमचं नाव. मी पोरीला उचलूनच चढले. मॅडमनी पाकीट पुढं धरलं, एका साहेबानं दुसरं टोक धरलं. फोटूवाला खालून म्हणला, "मॅडम, मुलीचा रुमाल काढा ना. असा कॅन्सर दिसत नाही."

हे असंच म्हणला. शब्दन् शब्द ध्यानात हाय माह्या.

मॅडमनी हात पुढं केला. प्रेमानंच केला. "काढ बरं बेटा, दोनच मिनिटं." मागची गाठ सोडायला लागल्या. प्रज्ञानं दोन्ही हात डोक्यावर दाबून धरले. रडली नाय. माह्याकडं बघून म्हणली, "आई, तू सांग ना यांना."

तिला वाटत होतं, आई सांगंल. अंगात पोतेरं घालून आणलं तरी तिला वाटत होतं.

मी मॅडमचा हात धरला. "हात काढा."

"अहो, देणगीदारांना दाखवावं लागतं. त्याशिवाय पुढच्यांना कशी मदत होणार?"

"डॉक्टरचा कागद तुमच्यापाशी हाय. तो दाखवा. माह्या पोरीचं डोकं नाय दाखवणार."

"मग पाकीट कसं द्यायचं?"

"नका देऊ."

मला थांबता येईना मग. बोलायची सवय नाय, पण बोलले. "मी पहिल्या खेपंला आले, तवा खरी आले होते. ते पातळ माहं होतं. अद्रक वेचलेलं होतं. शेती मला नव्हती, आजबी नाय. तवा तुमी मला खोटी म्हणल्या. आज मी खोटी आले. हे कामाचं लुगडं नेसून मी कोणाच्या दारात जात नाय. माह्या पोरीच्या अंगावर पोतेरं हाय, ते मी घातलंय. आन् तुमी खोटीला पाकीट देताय."

"माज बघा," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणलं. "मदत घ्यायची आणि वर तोरा."

मॅडम माह्या कानाजवळ येऊन अगदी हळू म्हणल्या, "आता कुठेच मदत मिळणार नाही हं तुम्हाला."

मी पोरीला उचललं आन् खाली उतरले.

तुमाला वाटंल, लई मोठं काम केलं. भायेर आले तर आपा मागून पळत आल्या, आन् त्या चिडलेल्या. "इज्जत से गाडी चलती क्या? हम सब नै उतारे क्या कपडे? तूने बच्ची का नुकसान कर दी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मंगळवारची गाडी मी फोन करून नको म्हणून सांगितली.

मंगळवारी यसटीनं गेलो. पुढच्या शिटावर खिडकीपाशी बसवलं, तोंडाला फडकं बांधलं, बाजूला मी आड होऊन बसले. तरी लोकं अंगावर येत होते, त्यांची तरी काय चूक. सुई झाली. परत यसटी. दोन दिवसांनी पोरगी तापानं फणफणली. परत दवाखाना, आन् मग आठ दिवस ॲडमिट. डॉक्टरीण बाई म्हणल्या, "सांगितलं होतं ना ताई, गर्दीत नको." मी मान हालवली.

प्रज्ञाचे पप्पा आले, वॉर्डातच ओरडले. "तुह्या इज्जतीपायी पोरगी घालवती का?" सिस्टरनं त्यांना भायेर काढलं. मला त्यांचा राग आला नाय. मला भीती वाटली. पोरगी गेली आसती तर ती माह्यामुळं गेली आसं सगळे म्हणले आसते, आन् मी बी म्हणले आसते. आठ दिवस तिच्या उशाशी बसून राह्यले. रडू बी आलं नाय. नुस्ता थकवा. हाडं दुखायचा थकवा नसतो का, तसा.

ताप उतरला. ती वाचली. डॉक्टरीण बाईनं पुढची सुई दोन आठवडे लांबवली. पहिल्यांदा उठून बसली तवा म्हणली, "आई, त्या हॉलात परत नाय ना जायचं?"

"नाय."

"पक्कं?"

"पक्कं."

घरी आलो त्या दिवशी जीपमधून उतरले आन् ग्रामपंचायतीपुढनं चालत होते. पोरगी कडंवर. दम लागला म्हणून पंचायतीच्या शेडात टेकले. शेडात गाडी उभी होती. पांढरी रुग्णवाहिका. पंचायतीनं घेतलेली, दारावर गावाचं नाव रंगवलेलं. धूळ बसली होती. तिच्याच सावलीला बसले होते मी.

इतके महिने त्या गाडीपुढनं रोज कामाला जात होते मी. पण ती मागायची असती, हे डोक्यात आलंच नाय. सरपंचाच्या पाहुण्याचं बाळंतपण झालं तवा गेली होती ती. माजी सरपंचाचा पाय मोडला तवा गेली. मला वाटायचं, ती त्यांची हाय. आन् मी पोरीला पोतेरं घालून तिकडं शहरात कोणाच्या तरी पाकिटापुढं उभी होते. माहीच मला लाज वाटली, आन् मग लई राग आला.

मागच्या सोमवारी ग्रामसभा झाली. मी जांभळं पातळ नेसून गेले. आमच्या वस्तीतल्या बाया मागं सतरंजीवर बसतेत, मी पुढं जाऊन खुर्चीवर बसले. विषय संपले की उभी राह्यले. म्हणलं, "दर पंधरा दिवसाला माही पोरगी दवाखान्यात न्यायची हाय. गाडी उभी हाय. गाडी पाहिजे."

ग्रामसेवक म्हणले, "अर्ज द्या, बघू."

"दिलाय. हा शिक्का मारलेला कागद. तुमीच मारलाय."

सरपंच म्हणले, "अगं बाई, डिझेलचा प्रश्न हाय. ड्रायव्हरचा प्रश्न हाय. एका पोरीसाठी आख्ख्या गावाची गाडी फिरवायची व्हय?"

"गाव म्हणजे कोण?" मी विचारलं.

मागून एक जण हसला. सरपंच म्हणले, "तुला मदत करू ना आपण, वर्गणी काढू. पोरीचा एक फोटू दे, ग्रुपवर टाकतो."

मी म्हणलं, "मदत नको. फोटू भेटणार नाय. गाडी पाहिजे. नाय देणार तर नाय देणार असं ह्याच वहीत लिहा आन् खाली सही करा."

लिहिलं नाय. सही नाय. सभा उठली. बाया घरी गेल्या. प्रज्ञाचे पप्पा म्हणले, कशाला वाकडं घेती गावाशी, इथंच राहायचं हाय आपल्याला. बरोबर हाय त्यांचं. इथंच राहायचं हाय, म्हणूनच.

उद्या मंगळवार. तारीख हाय. सकाळी सहाला मी प्रज्ञाला घेऊन त्या शेडात जाणार हाय. तिला हातरूण टाकून गाडीत झोपवणार. दार नाय उघडलं तर दारापुढं झोपवणार. पोलीस आले तरी उठणार नाय, आन् सरपंच हात जोडून आला तरी उठणार नाय. कोणाला विनवणार नाय, कोणापुढं रडणार नाय. गाडी शेडातून निघंल ती माह्या पोरीला घेऊन दवाखान्याकडं निघंल, नायतर शेडातून निघणार नाय.